पाठ्यपुस्तकातील इतिहास, अर्थशास्त्र आणि आपली मागणी

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



डॉक्टरला बोलावले की तो रक्तदाब आणि मधुमेह यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. परंतु आजचा विषय मी संयोजकांकडून आग्रहाने मागून घेतला आहे. आपली मुले, नातवंडे या देशातील शाळांत शिकतात. आपल्या भावंडांची मुले महाराष्ट्रात शिकतात. दोन्हीकडे इतिहास व अर्थशास्त्र काय शिकवावे यावरून राजकीय वाद होत आले आहेत. अशा वादात एखादे पान आपल्याला खटकले, तर मागणी कोणती करावी, एवढ्या एका प्रश्नाचा विचार मी आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रथम या देशाकडे पाहू. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने येथे राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि इतिहासाचा पाठ हा मंत्र्यांच्या अखत्यारीतील विषय झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी इतिहासाचा नवा मसुदा प्रसिद्ध केला. राजे, लढाया व कायदे यांची ती कालानुक्रमे लावलेली लांबलचक यादी होती. रिचर्ड इव्हान्स, सायमन शामा यांच्यासारख्या इतिहासकारांनी तिच्यावर कठोर टीका केली आणि काही महिन्यांतच सरकारला तो मसुदा बदलावा लागला. सुधारित अभ्यासक्रम सप्टेंबर २०१४ पासून लागू झाला.

याच सुमारास मेरी सीकोल यांचे नाव अभ्यासक्रमातून गळणार असल्याची बातमी फुटली होती. जमैकात जन्मलेल्या या कृष्णवर्णीय बाईंनी क्रिमियाच्या युद्धात स्वखर्चाने जाऊन सैनिकांची शुश्रूषा केली होती. येथील कृष्णवर्णीय समाजाने सह्यांची मोहीम काढली, हजारो लोकांनी सह्या केल्या आणि नाव राहिले. २०१६ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात त्यांचा पुतळाही उभा राहिला. सीकोल यांचे कार्य फुगवून सांगितले जाते, असा फ्लॉरेन्स नायटिंगेल यांच्या काही चाहत्यांचा आक्षेप होता. तो वादही उघडपणे झाला. या मोहिमेची मागणी काय होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नायटिंगेलबाईंचे नाव काढा, असे कोणी म्हटले नाही. आमचेही नाव राहू द्या, एवढेच म्हटले.

आता भारताकडे वळू. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात २००६ पासून शंकर यांचे १९४९ चे एक व्यंगचित्र होते. राज्यघटनारूपी गोगलगाईवर बाबासाहेब बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे आहेत, असे ते चित्र. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. सरकारने चित्र मागे घेण्याचे जाहीर केले. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने अनेक व्यंगचित्रे काढण्याची शिफारस केली. समितीतील एक सदस्य, प्रा. एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र भिन्न मत नोंदवले.

बंधू-भगिनींनो, त्या चित्राने झालेली वेदना खोटी नव्हती. ज्या समाजाच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या आसूड उगारला गेला, त्याला चाबकाचे चित्र निव्वळ विनोद वाटत नाही. परंतु त्याच पानावर, घटना तयार व्हायला जवळजवळ तीन वर्षे का लागली, याचा विचार करण्यास विद्यार्थ्यांना सांगितले होते. त्या प्रश्नाचे उत्तर देताना बाबासाहेबांच्या परिश्रमांची थोरवीच सिद्ध झाली असती. चित्र गेले, तसा तो प्रश्नही गेला. त्या वेळी आपल्या चळवळीत दोन मते होती. पुढे जे घडले, ते पाहून त्यांचा निवाडा आपणच करावा.

२०१९ मध्ये नववीच्या इतिहासातून तीन प्रकरणे वगळण्यात आली. त्यांतील एकात त्रावणकोरच्या नाडर स्त्रियांनी अंग झाकण्याच्या हक्कासाठी दिलेल्या लढ्याची हकीकत होती. २०२२ मध्ये अभ्यासाचा भार कमी करण्याच्या नावाखाली बारावीच्या राज्यशास्त्रातून लोकचळवळींचे संपूर्ण प्रकरण गेले. त्या प्रकरणात १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरचा इतिहास होता. जून २०२३ मध्ये पळशीकर आणि यादव यांनी ही कापाकापी आपल्याला मान्य नाही, सबब पुस्तकांवरील आमची नावे काढा, अशी मागणी केली. ज्यांना २०१२ मध्ये आपल्या नावाने धारेवर धरले गेले, तेच पँथरचे पान गेल्यावर निषेधाला उभे राहिले. कात्री एकदा सरकारच्या हाती देऊन ती वापरण्याची सवय लावली, की पुढे ती कोठे चालवावी हे आपल्याला विचारले जात नाही. सत्ता ज्याची, कात्री त्याची.

अर्थशास्त्राची कथा याहून निराळी नाही. येथील शाळांत तो सक्तीचा विषय नाही, तरी वाद चुकलेला नाही. १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार शाळांनी पक्षपाती राजकीय मतांचा प्रचार करू नये आणि वादग्रस्त विषय समतोलाने मांडावेत, असे बंधन आहे. ते योग्यच आहे. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या शिक्षण खात्याने शाळांना एक मार्गदर्शिका दिली. लोकशाही किंवा भांडवलशाही उलथून टाकण्याची जाहीर इच्छा बाळगणाऱ्या संस्थांचे साहित्य, ते स्वतः आक्षेपार्ह नसले तरी, वर्गात वापरू नये, असे तीत सांगितले होते. लोकशाही आणि भांडवलशाही एकाच पंक्तीत! बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मूलभूत उद्योग व शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी अशी मागणी केली, आणि तीही संसदीय लोकशाहीच्या चौकटीत, घटनेच्या कलमांद्वारे. भांडवलशाहीवरील टीका म्हणजेच लोकशाहीचा द्रोह, असे समीकरण ज्या वर्गात शिकवले जाईल, त्या वर्गात हे निवेदन कोठे बसणार?

वास्तविक समतोल म्हणजे काय, याचा धडा याच लंडनमध्ये घालून दिलेला आहे. बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांना त्यातील अनेक मते मान्य नव्हती. तरीही प्रस्तावना कॅननांनीच लिहिली, आणि मतभेद सांगून लिहिली. विद्यार्थ्याचे पान न फाडता गुरूने त्याला आपले पान जोडले.

त्या प्रबंधात काय आहे, हे मात्र आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. रुपयाचा विदेशी भाव स्थिर ठेवण्याच्या नादात देशातील भाववाढीकडे दुर्लक्ष होते, आणि चलन हवे तेवढे काढण्याची मोकळीक राज्यकर्त्यांना मिळते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी श्रमिकांचा प्रश्न सोडला नाही. रुपया घसरला की किमती चढतात, मजुरी मागे राहते. व्यापाऱ्याचा नफा म्हणजे मजुराचा तोटा, असा त्यांचा युक्तिवाद होता. महागाईने गांजलेल्या कोणत्याही घरातील मुलाला हे अर्थशास्त्र समजेल.

येथे आपल्याच व्यासपीठांविषयी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या आराखड्यावरून जशीच्या तशी निर्माण झाली, असे आपल्या भाषणांतून नेहमी ऐकू येते. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली, हे खरे. परंतु आयोगाने सुचवलेली चलनपद्धती बाबासाहेबांनी सुचवलेल्या पद्धतीहून वेगळी होती. त्यांची थोरवी सिद्ध करण्यास अतिशयोक्तीची गरज नाही. इतरांच्या पाठ्यपुस्तकाला आपण जी कसोटी लावतो, तीच आपल्या स्मरणिकेलाही लावली पाहिजे.

शेवटी येथील वर्गातील जातीविषयी. ब्रिटिश सरकारनेच करवून घेतलेल्या आणि डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या देशात जातिभेद असल्याचा पुरावा आढळला. त्यात शाळेतील मुलांची छळवणूकही होती. २०१३ साली संसदेने समता कायद्यात जातीचा अंतर्भाव करण्याचे बंधन सरकारवर घातले. २०१८ मध्ये सरकारने त्यातून माघार घेतली. शाळेत जात भेटते ती बहुधा धर्मशिक्षणाच्या तासाला, एका त्रिकोणाच्या चित्रात. हा भाग काढून टाका, त्यामुळे आमच्या मुलांना टोमणे ऐकावे लागतात, असे काही हिंदू पालक म्हणतात. त्या मुलांचे दुःखही खरे आहे आणि ते आपण समजून घेतले पाहिजे. परंतु आम्हा डॉक्टरांचा अनुभव असा, की घरातील क्षयरोग नातेवाइकांनी लाजेपोटी सांगितला नाही, तर तो केवळ केसपेपरवरून जातो. शरीरातून जात नाही.

आपली मागणी म्हणून अशी असावी: त्रिकोण काढू नका, त्याच्या शेजारी १९२७ चा महाडचा सत्याग्रह शिकवा. आपले मूल त्या चित्रात केवळ तळाशी दिसते. ते चित्र बदलण्यासाठी उठलेली माणसेही त्याला आणि त्याच्या हिंदू वर्गमित्राला दिसू द्या. तो वर्गमित्र जातीचा अपराधी नाही; जात मोडण्याच्या कामी तो उद्याचा सोबती होऊ शकतो.

इंग्लंडमध्ये धर्मशिक्षणाचा पाठ्यक्रम स्थानिक पातळीवर ठरतो. त्यासाठी प्रत्येक स्थानिक प्राधिकरणात ‘सॅक्रे’ हे सल्लागार मंडळ असते आणि त्याच्या सभांना नागरिकांना बसता येते. तेथे आपल्यापैकी किती जण जातात? निषेधाचे पत्रक एका रात्रीत निघते. शिक्षकाच्या हाती देता येईल असा चार पानांचा अचूक पाठ लिहायला एक वर्ष लागते. ते वर्ष या संस्थेने द्यावे. आपल्यात शिक्षक आहेत, अर्थशास्त्राचे पदवीधर आहेत, इंग्रजीत लिहिणारी तरुण मुले आहेत.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे एक साधा हिशेब मांडला होता: सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमातून भरते आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाला मिळते. इतिहास आणि अर्थशास्त्र हे दोन्ही विषय त्या एका हिशेबात आहेत. तो हिशेब आपल्या मुलांना मांडता यावा, आणि कोणी खोडून काढू लागल्यास पुराव्यासह पुन्हा मांडता यावा, एवढे शिक्षण त्यांना आपण देऊ या.