उन्हात राबणाऱ्यांचे आरोग्य : अन्न, पाणी आणि सावली

(संस्थेच्या बुद्धपौर्णिमा व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. हा विषय आमच्याकडे आला तेव्हा आम्ही म्हटले की, एखाद्या डॉक्टरांना बोलवा. कार्यकर्ते म्हणाले, "डॉक्टर आजारी माणसाशी बोलतात. तुम्ही घरच्या माणसांशी बोला." ते आम्हाला पटले. कारण आज या मंडपात पांढरपेशे म्हणून बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक-दोन पिढ्यांमागे घमेले होते, कुदळ होती, झाडू होता, बिडीचा पानपुडा होता. आजही आपल्या वस्तीतली कितीतरी माणसे पहाटे ठिय्यावर जाऊन उभी राहतात. आपण पंख्याखाली आलो, पण आपली माणसे अजून उन्हात आहेत.

बौद्ध वाङ्मयात आळवी नगरीच्या शेतकऱ्याची एक कथा आहे. भगवान तेथे उपदेशासाठी आले होते. एका गरीब शेतकऱ्याला तो ऐकायचा होता, पण त्याचा बैल हरवला. दिवसभर रानात बैल शोधून तो उपाशीपोटी, दमून सभेत आला. भगवानांनी उपदेश सुरू केला नाही. आधी त्याला जेवू घालायला सांगितले. त्याचे पोट भरले, जीव शांत झाला, मग धम्म सांगितला. भुकेल्या माणसाच्या कानात शब्द शिरत नाहीत हे त्या महाकारुणिकाने अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. तेव्हा आहार आणि आरोग्य हा विषय धम्माच्या बाहेरचा आहे असे कोणी समजू नये.

आता ऊन शरीराला काय करते ते पाहू. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बाहेर कितीही तापले तरी शरीर ते तेवढेच राखू पाहते आणि त्यासाठी त्याच्याजवळ मुख्य साधन म्हणजे घाम. घाम वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. भर उन्हात जड काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटर किंवा त्याहूनही जास्त घाम जाऊ शकतो. पाण्याबरोबर मीठही जाते. ते भरून आले नाही की रक्त दाट होते, हृदयावर ताण पडतो, पायात गोळे येतात, डोके दुखते, चक्कर येते.

वर्तमानपत्रात आपण वाचतो, काल नागपूरचे तापमान ४५ अंश. ते तापमान सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीत मोजलेले असते. डांबरी रस्त्यावर गिट्टी टाकणारा किंवा स्लॅबवर सेंटरिंग ठोकणारा माणूस त्या पेटीत नसतो. त्याला वरून ऊन, खालून धग आणि अंगात कामाची उष्णता अशा तीन बाजूंनी ताप होतो.

म्हणून पहिली गोष्ट पाण्याची. तहान लागण्याची वाट पाहू नये. तहान लागते तेव्हा शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते. उन्हात काम असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. एकदम लोटाभर ढोसू नये, आणि तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. पाणी पुरते की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. लघवी फिकट असली तर ठीक. गडद पिवळी, थोडीशी आणि जळजळणारी असली तर पाणी कमी पडते आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तेव्हा अभ्यासकांनी उन्हातले अतिकष्ट आणि पुन्हा पुन्हा होणारा पाण्याचा तुटवडा यांकडे प्रमुख कारण म्हणून बोट दाखवले. तेथे पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टींचा आग्रह धरला गेला.

येथे एक प्रसंग सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही. एका मे महिन्यात दुपारच्या सुट्टीत एक रेजाबाई पैसे काढायला बँकेत आली. ओठ सुकलेले, कपाळावर सिमेंटची पूड. रांग मोठी होती. आम्ही तिला माठातले पाणी आणून दिले. तिने दोन घोट घेतले आणि पेला परत केला. आम्ही म्हटले, "ताई, प्या की पोटभर." ती हळूच म्हणाली, "नको भाऊ. आता पेलं तं मंग जाऊ कुठं? साइटवर बायांची सोय नाई."

मित्रहो, आम्ही तोवर समजत होतो की लोकांना माहिती नसते म्हणून ते पाणी पीत नाहीत. त्या बाईला सगळी माहिती होती. तिने सकाळपासून हिशेबाने तहान मारली होती. लघवी कोंडल्याने मूत्रमार्गाचे विकार होतात, हेही ती भोगत असणार. अशा बाईला "भरपूर पाणी प्या" असे भिंतीवर लिहून काय उपयोग? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पिण्याचे पाणी आणि शौचालय यांची तरतूद केलेली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण कागदावरच्या शौचालयाला दार नसते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता आहार. उन्हात राबणाऱ्याने उपाशीपोटी घर सोडू नये. आपल्या आयाबायांनी यासाठी महागडे काही शोधले नव्हते. ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर आंबवून सकाळी शिजवलेली आंबील पोटाला आधार देते आणि पाणी-मीठही पुरवते. ताक, कैरीचे पन्हे, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, काकडी, टरबूज, हे सारे उपयोगी आहे. बाटलीतली रंगीत गोड पेये म्हणजे पैशाचा चुराडा. जुलाब किंवा फार घाम होऊन गळून गेल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ मिसळून थोडे थोडे द्यावे. रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र मिठाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

डब्यात भाकरीबरोबर डाळ, उसळ, अंडे, शेंगदाण्याची चटणी यांपैकी काहीतरी असावे. नुसत्या भाकरी-ठेच्यावर ओझे उचलणारे शरीर झिजते. पालेभाजी, शेवग्याची पाने आणि त्यावर लिंबू पिळलेले असावे. लिंबाने अन्नातले लोह अंगी लागते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास तेच लोह कमी शोषले जाते, म्हणून तासभर थांबावे. आपल्या स्त्रियांमध्ये रक्त कमी असणे ही घरोघरची गोष्ट आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पहाटे केलेला डबा उन्हात आंबतो. तो ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावा आणि वास आला तर मोह न करता टाकून द्यावा.

खर्रा आणि दारू यांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. तोंडात खर्रा असलेला माणूस पाणी पीत नाही आणि त्याची भूकही मरते. मग तोंडाच्या कर्करोगाची भीती आहेच. दारूने शरीरातले पाणी आणखी कमी होते. रात्री प्यायलेला माणूस सकाळी उन्हात उभा राहतो तो आधीच कोरडा होऊन. पाचवे शील आपण दर पौर्णिमेला घेतो. ते ठिय्यावरही पाळावे.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, अशी समजूत आपल्याकडे आहे. कांदा पोटात गेला तर अन्न आहे. खिशातला कांदा उन्हाला अडवत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने कांद्याचा ताईत करू नये.

अंगावर सैल, फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे असावेत. डोक्याला व मानेला ओला दुपट्टा बांधावा; रुंद काठाची टोपी मिळाली तर उत्तम. सावळ्या कातडीला उन्हाचा त्रास होत नाही हा गैरसमज आहे. कातडीचा कर्करोग आपल्याकडे कमी दिसतो हे खरे, पण वर्षानुवर्षे उन्हात राहिल्याने मोतीबिंदू लवकर येतो, बुबुळावर मांस वाढते, आणि उष्माघात तर रंग पाहून होत नाही. पत्र्याचे छप्पर म्हणजे सावली नव्हे, ती भट्टी असते. झाड, हिरवी जाळी किंवा ताडपत्री खालून हवा खेळेल अशी बांधलेली बरी.

विद्यार्थी मित्रांना एक खास सूचना. सुट्टीत फीसाठी रंगकाम, मांडव, सेंटरिंग अशा कामाला तुम्ही जाता, याचा आम्हाला अभिमान आहे. पण उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. पहिले काही दिवसच सर्वांत धोक्याचे असतात. जुन्या मजुराशी चढाओढ करू नका. पहिल्या दिवशी थोडे काम, मग रोज थोडे वाढवा.

सोबतचा माणूस बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, बेशुद्ध झाला किंवा अंग तव्यासारखे तापले तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी गाफील राहू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

दुपारी १२ ते ४ काम बंद ठेवून पहाटे लवकर सुरू करावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. पण वीटभट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. तेथे सावलीत बसणे म्हणजे मजुरी बुडवणे. एकट्या मजुराने ठेकेदाराला वेळ बदलून मागितली तर दुसऱ्या दिवशी त्याला काम मिळत नाही; वीस जणांनी मिळून मागितली तर विचार करावा लागतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कारखान्याच्या छपराखाली घड्याळ पोहोचले. उघड्या आभाळाखालच्या माणसापर्यंत ते अजून पोहोचवायचे आहे.

शेवटी आपल्या संस्थेविषयी. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. पाण्यावरचा हक्क आपल्याला असा मिळाला. त्या लढ्याच्या लेकीबाळी आज पाणी समोर असून पीत नाहीत, आणि आपल्या विहाराच्या आवारातील शौचालयाला मात्र दिवसभर कुलूप असते. ठिय्यापासून विहार हाकेच्या अंतरावर आहे. पाणपोई आपण दरवर्षी लावतो, फलकासह छायाचित्रही काढतो. यंदा आमची विनंती एवढीच की, एप्रिल ते जून हे तीन महिने सकाळी ६ पासून ते कुलूप काढावे. साफसफाईची पाळी आम्ही सभासदांनी वाटून घ्यावी. पहिल्या आठवड्याची पाळी आम्ही येथेच मागून घेतो.



नमो बुद्धाय! जयभीम!