लग्नाचा दाखला

मंडळी, मांडव, वाजंत्री, मानपान यांवर हात सैल सोडणारा बाप एका कागदाचा मात्र कंटाळा करतो. तो कागद म्हणजे लग्नाच्या नोंदणीचा दाखला.

"सारा गाव साक्षीला होता, आता कागद कशाला?" असं तुम्ही म्हणाल. नोंद नाही म्हणून हिंदू लग्न रद्द होत नाही, हे 1955 च्या कायद्यातच आहे. पण उद्या नवरा गेला, तर निवृत्तिवेतनाची कचेरी काही तुमच्या पंगतीला जेवलेली नसते. तिला पुरावा लागतो. बाईनं रडावं की खेटे घालावे?

मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या वारसा कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलामुलींबरोबरीनं हिस्सा आहे. दिरानं लग्नच नाकारलं, तर मात्र ते कोर्टात शाबीत करावं लागतं. आणि पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न 1955 च्या कायद्यानं रद्दबातल! त्या मुलांना बापाच्या मिळकतीत हक्क आहे, आईला विधवेचा हिस्सा नाही. मुलगी देताना हे विचारतो कोण?

महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे नोंद 90 दिवसांत करायची. खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते. 3 साक्षीदार, दोघांच्या वयाचे दाखले आणि लग्नपत्रिका न्यावी. उशीर झाला तरी दंड भरून होते.

गुरुजी, वयासाठी शाळेचा दाखला मागायला लोक तुमच्याकडेच येतात. तेव्हा एवढं सांगा, एक पत्रिका जपून ठेवा म्हणावं.