पाटावरून उठताना
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्रावर मी बोलायचे म्हणजे धाडसच. पण कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने वाचून समजावले तेवढे सांगते. चुकले तर पदरात घ्या.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना जेवण झाल्यावर पाटावरून उठवेना. ताप नाही, साखर नाही. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही." मग मांडीतले बळ गेले कुठे?

स्नायू म्हणजे सुताच्या लडीसारखा तंतूंचा जुडगा. काही तंतू संथ पण चिवट, काही चपळ. वयाबरोबर चपळ तंतू जास्त बारीक होतात, आणि झटकन उठायला तर तेच हवेत! तंतूंच्या आत तंतुकणिका असतात. त्यांना मी चुली म्हणते, कारण अन्नातून शक्ती तिथे तयार होते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या शास्त्रज्ञांनी २० ते ८७ वर्षांच्या ५८ निरोगी माणसांच्या मांडीतला स्नायूचा बारीक तुकडा काढून त्यातली चार हजारांवर प्रथिने तपासली. २०१९ साली ते छापून आले. वय जास्त तशी या चुलींची प्रथिने कमी. काही वाढलेलीही होती. त्यात जनुकांचा निरोप कातरून जोडणारी होती. चोळी बेतताना आपण कापड कातरून जोडतो ना, तसेच ते काम.

निरोगी माणसातही हे होते, हे ऐकून मला सुटल्यासारखे वाटले. पण मुलीने पुढचे वाचले. बसून राहिले की चुली आणखी विझतात. आणि आम्ही काय केले होते? "आई, तुम्ही बसा," म्हणत त्यांच्या हातून केर काढला, पाणी भरणे काढले. मायेनेच हो! त्या रात्री मला झोप लागली नाही.

बोस्टनमध्ये नव्वदीच्या घरातल्या नऊ अशक्त माणसांनी आठ आठवडे पायांनी वजने उचलली, तर पायांचे बळ सरासरी पावणेतीनपट झाले. हे १९९० सालचे.

आम्ही वजने कुठून आणणार? सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायचे, एवढेच ठरवले. वरणाची वाटी मोठी केली. केरसुणी त्यांनी आपण होऊन परत घेतली, आणि माझा केर नीट निघत नव्हता हेही ऐकवले.

गेल्या महिन्यापासून त्या स्टुलावरून एकट्या उठतात. पाटावरून उठताना अजून माझा हात लागतो. पण म्हणतात, "ओढू नकोस गं. नुसता धर."