गळका कार्ब्युरेटर

डिचोली तालुक्यातील शिरगाव साऱ्या गोमंतकाला ठाऊक आहे ते श्री लईराईच्या जत्रेमुळे. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत व्रतस्थ धोंड येथे होमकुंडातून चालतात. गावाची दुसरी ओळख मात्र इतकी मंगल नाही. भोवतालचे डोंगर लोहखनिजासाठी खोदले गेले, खाणींचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली उतरले आणि विहिरी व झरे आटू लागले, ही ग्रामस्थांची कैफियत न्यायालयापर्यंत गेली. 2012 साली गोव्यातील खाणकाम थांबले. पण ओसरलेले पाणी एका पावसाळ्यात परत येत नाही. अशा मुलखात, जेथे विजेची तार पोहोचत नाही तेथे वायंगणाच्या शेताला किंवा कुळागराला पाणी चढवणारे पेट्रोलचे लहानसे इंजिन ही चैनीची वस्तू नव्हे. ते चार दिवस बंद पडले, तर पोफळीची कोवळी रोपे माना टाकतात.

आणि ते बंद पडते बहुधा हंगामाच्या पहिल्याच दिवशी. पावसाळाभर खोपीत पडून राहिलेले इंजिन बागायतदार बाहेर काढतो, टाकीत पेट्रोल ओततो, कॉक उघडतो, आणि दोरी ओढण्यापूर्वीच कार्ब्युरेटरच्या बुडाशी थेंब गळू लागतात. ‘कार्ब्युरेटर गेला, नवा आणा,’ हा सल्ला लागलीच मिळतो. हा सल्ला पुष्कळदा चुकीचा असतो. कार्ब्युरेटर गेलेला नसतो. त्याच्या पोटातील एक सुई नीट बसत नसते, इतकेच.

कार्ब्युरेटरचे काम हवेत पेट्रोलचे तुषार मिसळण्याचे. हवा अरुंद नळीतून वेगाने जाते तेथे तिचा दाब उतरतो आणि खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून वर खेचले जाते. ह्यासाठी वाटीतील पेट्रोलची पातळी कायम राहावी लागते. ते काम एक तरता डबा करतो. कारागीर त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल चढले की फ्लोट उचलला जातो, त्यावरील निमुळती सुई वरच्या छिद्रात बसते आणि आवक थांबते. घरावरील पाण्याच्या टाकीतील चेंडूच्या तोटीचीच ही धाकटी बहीण. 1893 साली हंगेरीत बांकी आणि चोंका ह्या जोडीने व जर्मनीत मायबाख ह्याने तुषारांचे कार्ब्युरेटर सिद्ध केले, त्यानंतर ह्या मूळ रचनेत फारसा बदल झालेला नाही.

आता ह्या सुईवर किती भार येतो ते पाहण्यासारखे आहे. टाकीतील पेट्रोल सुईच्या वर 30 सेंटिमीटर आहे आणि छिद्राचा व्यास दीड मिलिमीटर आहे असे धरले, तर पेट्रोल सुईला खाली रेटते ते अर्ध्या ग्रॅमहूनही कमी भाराने. फ्लोटला तेवढाच भार पेलायचा असतो. इतक्या नाजूक तराजूत वाळूचा एक कण पडला तरी पारडे फिरते. शिरगावच्या वाटेवरची तांबडी धूळ कॅनच्या तोंडावर आणि नरसाळ्यात बसलेली असते. तेथून ती टाकीत आणि टाकीतून सुईखाली जाते. शिवाय साठून राहिलेल्या पेट्रोलचा हलका अंश उडून जातो व मागे डिंकासारखा चिकट थर उरतो. 2025 पर्यंत देशभर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रूढ झाले. इथेनॉल हवेतील ओल शोषते. त्यामुळे जुनी रबरी गास्केटे फुगतात आणि वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी धरते. ऊसवाल्यांचे कल्याण झाले असेल, पण जुन्या इंजिनांचे हाल झाले.

दुरुस्तीपूर्वी गळती कोठून आहे ते कोरड्या फडक्याने पुसून पाहावे. नळीच्या सांध्यातून असेल तर नळी किंवा तिची क्लिप बदलावी. वाटीच्या कडेने असेल तर गास्केट. खालच्या बोल्टापाशी असेल तर तेथील वॉशर. पेट्रोल वरच्या हवेच्या छिद्रातून किंवा एअर-फिल्टरच्या बाजूने ओघळत असेल, तरच दोष सुईचा किंवा फ्लोटचा. गवत कापण्याच्या यंत्रांत बहुधा फ्लोट नसून पातळ पडदा असतो; त्यांना पुढील रीत लागू नाही.

कॉक बंद करून वाटी सोडवावी. फ्लोटची खीळ काढली की फ्लोट आणि सुई हाती येतात. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे, बदलावा. सुईचे टोक भिंगाखाली पाहावे. त्यावर वर्तुळाकार चर पडला असेल तर सुई नवीच हवी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाणाराने जुनी सुई बरोबर न्यावी. नुसत्या वर्णनावर तिची जोडी मिळत नाही. (म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही लईराईची बहीण, असे लोक मानतातच, शिरगावकराला ती वाट परकी नाही.) सुईचे छिद्र पेट्रोलात भिजवलेल्या सुती चिंधीने पुसावे. पॉलिश-कागद लावू नये आणि जेटमध्ये तार घालू नये. जेटचे भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून पाडलेले असते. ते तारेने खरवडले की इंजिन कायमचे खादाड होते.

पुन्हा जोडताना कार्ब्युरेटर उलटा धरावा. फ्लोट आपल्या वजनाने सुईवर टेकतो. तो वाटीच्या कडेशी समांतर दिसला पाहिजे. ह्या स्थितीत पेट्रोलच्या नळीतून रबरी फुग्याने हवा सोडावी. हवा अडली तर सुई बसली. तोंडाने फुंकण्याची काही कारागिरांची सवय मात्र सोडण्याजोगी आहे.

पुष्कळजण येथे थांबून दोरी ओढतात आणि खरे नुकसान तेव्हाच होते. रात्रभर गळलेले पेट्रोल सिलिंडरमधून झिरपून खालच्या तेलात उतरलेले असते. तेलाची पट्टी काढून हुंगावी. पातळी वाढली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल बदलल्याखेरीज इंजिन फिरवू नये. पातळ झालेले तेल बेअरिंगला वाचवीत नाही. शंभर रुपयांच्या सुईपायी सबंध इंजिन गमावणारे कमी नाहीत.

हे सारे उघड्यावर करावे. सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसाकाठी दीड लिटरच्या वर पेट्रोल जाते. त्याची वाफ हवेहून तिप्पट-चौपट जड. ती उडून न जाता खोपीच्या तळाशी साचते आणि दूरची ठिणगीही तिला पुरते. तेव्हा विडी, चूल आणि कंदील लांब हवेत. काम झाल्यावर कॉक उघडून खाली कोरडा कागद ठेवावा व अर्धा तास वाट पाहावी. कागद कोरडा राहिला, तरच दोरीला हात घालावा.

मृगाच्या तोंडाशी इंजिन आत ठेवताना कॉक बंद करून ते आपसूक थांबेपर्यंत चालू द्यावे आणि वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेले चार थेंबही काढून टाकावे.