आवक वेगळी, जावक वेगळी

आमच्या बनशंकरीत निवृत्त माणसं सकाळी फिरून येतात आणि पेपर उघडतात. मी गिट उघडतो. मुलगी म्हणते, "बाबा, फौजेत झालं तेवढं पुरे नव्हतं का?" असो.

काम साधं. एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी शब्दांची फाइल आम्ही चौघं तपासतो. मूळ रिपॉझिटरीतून ताजं काम ओढायचं आणि आपलं काम स्वतःच्या फोर्कवर ढकलायचं. फौजी कचेरीत आवक-जावक नोंदवह्या वेगळ्या असतात, तसंच हे, असं मी धरून चाललो.

मी 'गिट रिमोट सेट-यूआरएल --पुश ओरिजिन' लिहून पुढं फोर्कचा पत्ता दिला. नाव एक, पत्ते दोन. पुश झालं. स्टेटस म्हणालं, तुमची ब्रँच ओरिजिनच्या बरोबरीत आहे. मी सगळ्यांना कळवून टाकलं, फाइल मुख्य ठिकाणी पोहोचली म्हणून.

पोहोचली नव्हतीच! पुश झालं की गिट आपल्या वहीत 'ओरिजिन इथवर आलं' अशी नोंद करतं. ते दोन पत्ते दोन वेगळ्या घरांचे आहेत, हे त्याला कुठून कळणार? पुढच्या फेचला नोंद मागं सरकली. तोवर आमच्यातल्या एकीनं माझ्या शब्दावर तिची सुधारित यादी पुसली होती. ती पुन्हा करण्यात तिचे दोन रविवार गेले.

गिटच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलंय: दोन्ही पत्ते एकाच जागेचे हवेत. घ्यायला एचटीटीपीएस, द्यायला एसएसएच, एवढ्यापुरतीच ती सोय. मी पान नंतर वाचलं. अधिकाऱ्यांची जुनी सवय.

जागा दोन असतील तर रिमोटही दोन करा. आधी तो चुकीचा पुशयूआरएल काढा. मग 'गिट रिमोट ॲड फोर्क' लिहून पुढं पत्ता, आणि 'गिट कॉन्फिग रिमोट.पुशडिफॉल्ट फोर्क'. 2013 च्या 1.8.3 आवृत्तीपासून हे चालतं. आता नुसतं पुल ओरिजिनकडून घेतं, नुसतं पुश फोर्कला देतं. पुश करताना सवयीनं '-यू' मात्र लावू नका, नाहीतर पुलही फोर्ककडूनच व्हायला लागेल.

आणखी एक. 'गिट रिमोट -व्ही' हे पुशडिफॉल्ट दाखवत नाही. माल कुठं निघालाय ते बघायला 'गिट पुश --ड्राय-रन'. काही न पाठवता ते पत्ता सांगतं. मी तो पत्ता मोठ्यानं वाचतो, मगच खरं पुश. घरचे हसतात.