आजारी कोण, बोलतो कोण

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



इंदूरच्या आपल्या मराठी घरांतली कितीतरी मुले-मुली आज डॉक्टरकी शिकत आहेत. काही समोरच बसली आहेत. त्यांना बोल लावायला आम्ही उभे नाही, शिवाय आम्ही डॉक्टरही नाही. गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, तेवढेच सांगतो.

आई ७८ वर्षांची. चार दिवस ती भलतेच बोलत होती, नातवाला आमच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारी. ताप नाही. तरुण डॉक्टरांनी आमच्याकडे पाहून विचारले, "माताजी को कब से है?" आम्ही सांगितले. जेवण? आम्ही सांगितले. झोप? तेही आम्हीच. आई मांडीवर पिशवी धरून मध्ये बसलेली. "उमर का असर है, घर ले जाइए." झाले! बाहेरची रांग आम्ही पाहिली होती, म्हणून फार राग धरत नाही.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात एक इंटर्न मुलगी स्टूल ओढून थेट आईसमोर बसली. आम्ही तोंड उघडले, तर तिने हातानेच थांबवले. असा भ्रम दिवसभरात कमीजास्त होत असतो, त्या वेळी आई बरीच भानावर होती. अडखळत बोलली, लघवीला जळजळ होते, रात्री उठावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. घरात कोणालाच हे ठाऊक नव्हते. मुलाला कसे सांगणार? तपासणीत जंतुसंसर्ग निघाला, सोडियमही घसरलेले. आठवड्याभरात नातवाचे नाव बरोबर, आणि आमच्या चुका काढणेही सुरू!

म्हातारपणी जंतुसंसर्गात ताप येईलच असे नाही, कधी नुसता भ्रमच होतो. हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता येऊ शकतो. हे त्या मुलीनेच समजावले. म्हणजे "वय झाले" म्हणून मोकळे होण्यात मान राखला न राखला हा पुढचा प्रश्न, आधी निदानच हुकते.

हे इंदूरपुरते नाही. अमेरिकेत डॉ. रॉबर्ट बटलर यांनी १९६९ साली या वृत्तीला 'एजिझम' हे नाव दिले. तिथल्याच 'द हाऊस ऑफ गॉड' या १९७८ च्या कादंबरीतले शिकाऊ डॉक्टर वृद्ध रुग्णांना 'गोमर' म्हणतात. अर्थ, माझ्या इमर्जन्सीतून चालते व्हा. त्याच १९७८ साली मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी वृद्धांसाठी वेगळा विभाग उभा केला. पुढे तिथल्या मेडिकल कॉलेजात याच विषयाची एम.डी.ही सुरू झाली.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवादाचे धडे आले आहेत. चांगलेच झाले. पण धडा तासाभराचा, वॉर्ड रात्रंदिवसाचा. सीनियर जसा बोलतो तसा ज्युनियर बोलू लागतो. आणि घरी? आजोबांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण देतो, तेव्हा हीच मुले शेजारी बसलेली असतात. त्या डॉक्टरांना आईकडे पाहू न देणारे निम्मे आम्हीच होतो.

पुढच्या तपासणीला आईने आम्हाला दाराबाहेरच बसवले. पंधरा मिनिटे आत काय बोलली, अजून सांगितलेले नाही.