लठ्ठपणा आणि आपला दुष्काळी माण
(पालक मेळाव्यातील भाषण)



लठ्ठपणाचा विषय काढला की पालक हसून विचारतात, "गुरुजी, माण तालुका दुष्काळी. इथे लठ्ठ कोण होणार?" त्याचेच उत्तर आज द्यावयाचे आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील ३.५ किलोची भरली. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते. चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्या ९.१ टक्के! म्हणजे दिसायला सडपातळ मनुष्यही आतून लठ्ठ असू शकतो.

आईच्या पोटात अन्न कमी पडले, की बाळाचे शरीर चरबी राखते व स्नायूंत काटकसर करते. मोठेपणी चालणे सुटते, दारात मोटारसायकल आणि हातात मोबाईल येतो. बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे जाऊन बिस्किटे, फरसाण व थंड पेये येतात. मग जादा अन्नाची चरबी पोटात व यकृतात साठते, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गुडघेदुखी मागे लागतात.

यावर उपाय काय? शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर डॉक्टरांकडून रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्या. ईदचा शीरखुर्मा आनंदाने खा. पण रोजची संध्याकाळ भजी-सरबताची नको. पोट भरलेल्या मुलाला आग्रहाने भरवू नका.

भगिनींनो, मुलगी सातवीत गेली की तिचे खेळणे बंद करू नका. आपल्याच तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. मुलीच्या ताटात भावाइतकीच डाळ, भाजी, अंडी वाढा. आजची अशक्त मुलगी उद्या आई होईल, आणि तिच्या बाळाची प्रकृती आज आपण तिला काय वाढतो यावरही अवलंबून आहे.

विद्यार्थी मित्रहो, शाळा सुटल्यावर रोज एक तास मैदानावर या. मी तेथे असेन.